नेलं

माझं काम होतं दोन माणसांच्या मध्ये बसणं.
ओझरच्या विमान कारखान्यात, बहात्तर ते सत्त्याहत्तर.
रिव्हेट, टॉर्क, पंखाचा कोन, चहात साखर किती.
शब्दाला शब्द द्यायचा,
पदरचं काही घालायचं नाही.

माझ्या वाट्याला गेन्नादी अर्काद्येविच आले.
पंचेचाळिशीचे, रुंद मनगटांचे.
पिंपळगावची द्राक्षं घडावरून एकेक तोडून,
पुसून, जवळजवळ मोजून खायचे.
क्वार्टरमध्ये काही घरचं सांगायचं झालं
की आधी मोरीतला नळ सोडायचे. पूर्ण.

ते दुष्काळाचं वर्ष.
नाशिकरोडला माझी बायको दोन कळश्यांसाठी
पहाटे चारला रांगेत,
आणि इथे बादली भरून वाहतेय.
एकदा न राहवून मी उठलो, नळ बंद केला.
ते अर्ध्या वाक्यात थांबले.
उठले, पुन्हा सोडला.
म्हणाले, असू दे, पाण्याला बोलू दे.

मग अल्बम काढला.
आई, दोन मुलं, मधे खुर्ची,
खुर्चीत कोट घातलेला माणूस,
मांडीवर नीट ठेवलेले दोन्ही हात,
आणि चेहऱ्याच्या जागी गोल भोक.
भोकातून अल्बमचा काळा कागद दिसत होता.
कुणी कापलं?
आईनं. नखं कापायच्या कात्रीनं.
मी नऊ वर्षांचा होतो. दिवा मी धरला होता.

वडिलांचं काय झालं, ते एका शब्दात सांगितलं.
नुसतं क्रियापद.
त्यात गाडी नाही, हुकूम नाही, दारावरची थाप नाही,
रात्रीचे किती वाजले होते तेही नाही.
मी मनातल्या मनात मराठी लावून पाहिलं:
नेलं.
चपखल बसलं. इतकं, की मला लाज वाटली.

एकोणीस वर्षांनी एक कागद आला म्हणे.
गुन्हा आढळत नाही.
सोबत दोन महिन्यांचा पगार.

आमच्या शेजारी दिगंबर कोठुळे सर राहायचे,
आठवीला व्याकरण शिकवायचे.
ओट्यावर पोरं बसलेली, सर विचारायचे,
कर्ता कसा शोधाल?
धातूला णारा लावा आणि कोण विचारा.
खाणारा कोण? गणू. पळणारा कोण? गणू.
पोरं हसायची.

पंचाहत्तरच्या जुलैत शालनवहिनी दारात आल्या.
केस तसेच, हातात सरांचा चष्मा.
ह्यांना नेलं, म्हणाल्या. चष्मा राहिला.
वाचनालयात सरांनी कसलंसं पत्रक वाचून दाखवलं होतं.
मी काहीच विचारलं नाही.
मी आत गेलो आणि नळ सोडला.
हात धुतले नाहीत. नुसता उभा राहिलो.

जेल सायकलवर दहा मिनिटं.
एसटी स्टँडच्या भिंतीवर ताजं रंगवलेलं:
बोलणं कमी, काम जास्त.
माझं तर कामच बोलणं.
मी कारखान्याची बस धरली, रोज, वेळेवर.

गणेशोत्सवाचा एक फोटो होता भिंतीवर,
सर आणि मी, खांद्यावर हात.
कापला नाही. मी तसा नाही.
फक्त खिळ्यावरून काढला, कपाटामागे ठेवला,
खिळ्याला कॅलेंडर लावलं.

तुलना करत नाही मी.
तिकडे माणूस गेला तो गेला.
सर एकोणीस महिन्यांनी आले, दाढी वाढवून,
आल्या आल्या पिठलं मागितलं म्हणे.
आठवड्यानं भाजीबाजारात समोर आले.
मेथीची जुडी झटकत म्हणाले,
काय दुभाषी, बरं आहे ना?
बरं आहे, मी म्हटलं.
शब्दाला शब्द.
पदरचं काही घातलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली.
फोटो मी मागेच परत लावलाय, काच पुसून.
रात्री झोप लागत नाही तेव्हा त्यांचा नियम लावत बसतो.
नेणारा कोण?
वाक्य गप्प राहतं. दोन्ही भाषांत.
ठेवणारा कोण, कपाटामागे?
याचं उत्तर मात्र येतं.
आठवीतल्या पोरालाही येईल.